पन्नास टक्के कशाचे? युरोपातल्या टीव्ही कोट्याचा हिशेब आतून कसा चालतो

प्रश्न असा आलाय. फ्रान्समध्ये ल्योंला मीडिया शिकणारी एक विद्यार्थिनी विचारतेय की युरोपात म्हणे कायदाच आहे, टीव्हीवर निम्म्याहून जास्त कार्यक्रम युरोपातलेच पाहिजेत, मग टीव्ही लावला की इतक्या अमेरिकन सीरिज कशा दिसतात, हा नियम मोजतं कोण, मोडला तर नक्की काय करतात, आणि रात्री तीनला एका मोठ्या फ्रेंच चॅनलवर शिकारीच्या आणि मासेमारीच्या जुन्या डॉक्युमेंट्री लागायच्या असं घरमालकीणबाई सांगतात त्या कोट्यासाठीच होत्या का. आणि जाता जाता, मराठीसाठी असं काही करता येईल का.

मी एकोणीस वर्षं चॅनल कंप्लायन्सच्या, म्हणजे चॅनल नियम पाळतंय का ते बघायच्या, कामात आहे, सुरुवात लंडनला झाली, ब्रेक्झिटनंतर आमच्या ग्रुपची लायसन्स नेदरलँड्सला हलवली तेव्हा मी पण हलले. कोट्याचं रिटर्न दरवर्षी मी भरते, म्हणजे कोणता कार्यक्रम युरोपियन, कोणता नाही, किती मिनिटं, कुणी बनवला, हे सगळं. त्यामुळे लांब उत्तर देते, वेळ काढून वाच.

सगळ्यात आधी तो पन्नासचा आकडा बाजूला ठेव. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण टक्क्यावर भांडतो आणि टक्क्याने जवळजवळ काहीच ठरत नाही, ठरतं ते भागाकारात खाली काय धरलंय त्याने.

मूळ कायदा १९८९ चा, ३ ऑक्टोबरला पास झाला, 'टेलिव्हिजन विदाउट फ्रंटियर्स' डिरेक्टिव्ह, म्हणजे युरोपने सदस्य देशांना असे कायदे करा म्हणून दिलेला आदेश. त्यात कलम ४ आणि ५ होती, २०१० च्या ऑडिओव्हिज्युअल डिरेक्टिव्हमध्ये तीच कलम १६ आणि १७ झाली. कलम १६ म्हणतं की सदस्य देशांनी, जिथे शक्य असेल तिथे आणि योग्य त्या मार्गांनी, चॅनल्स आपल्या प्रक्षेपणवेळेतला बहुतांश भाग युरोपियन कलाकृतींना देतील असं बघावं, आणि ही वेळ मोजताना बातम्या, खेळांचे सामने, गेम शो, जाहिराती, टेलिटेक्स्ट आणि टेलिशॉपिंग वगळावं. आता हे वगळणं किती मोठं आहे ते हिशेब करूनच बघ. समज एक चॅनल चोवीस तास चालतं. जाहिराती तीन तास, पहाटेचं टेलिशॉपिंग चार तास, बातम्या दोन, क्विझ वगैरे दोन, एखादी मॅच किंवा हायलाइट्स एक तास. बारा तास गेले. उरलेल्या बारातले निम्मे म्हणजे सहा तास आणि वर एक मिनिट, एवढं युरोपियन दाखवलं की कोटा पूर्ण. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं अर्धा दिवस, प्रत्यक्षात पाव दिवस. तुला अमेरिकन सीरिज एवढ्या कशा दिसतात त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे, कायदा न मोडता सुद्धा त्या दिसू शकतात.

आणि ते 'जिथे शक्य असेल तिथे' हे शब्द बघ. ते चुकून राहिलेले नाहीत, फ्रान्सला कडक कोटा हवा होता, ब्रिटनसारख्या देशांना नको होता, त्या ओढाताणीतून हे आलं. अमेरिकेने तर लगेच १९८९ मध्येच गॅटकडे, म्हणजे तेव्हाच्या जागतिक व्यापार कराराकडे, तक्रार नेली, हॉलिवूडचा युरोप हा मोठा बाजार होता, आणि तो वाद १९९३ च्या शेवटपर्यंत, उरुग्वे राउंड ही गॅटची वाटाघाटींची फेरी संपेपर्यंत चालला, शेवटी युरोपने सिनेमा-टीव्हीच्या बाबतीत बाजार खुला करायचं वचनच दिलं नाही. पण त्या तीन-चार शब्दांमुळे आजपर्यंत प्रत्येक रेग्युलेटरला, म्हणजे देशाच्या टीव्ही नियामक संस्थेला, चॅनलशी बोलताना आधी हे ठरवावं लागतं की या चॅनलला हे 'शक्य' आहे का. नवीन चॅनल असेल तर ते म्हणतं आम्हाला हळूहळू वाढवू द्या, सायन्स फिक्शनचं चॅनल म्हणतं युरोपात या प्रकारच्या सीरिज फार बनतच नाहीत, अमेरिकन ग्रुपचं चॅनल म्हणतं आमची लायब्ररीच तिकडची आहे. यातली पहिली दोन कारणं मला पटतात. तिसरं कधीच पटलं नाही, कारण लायब्ररी तिकडची आहे हा त्या ग्रुपने घेतलेला निर्णय आहे, नैसर्गिक आपत्ती नाही, पण रिटर्नमध्ये ते कारण वर्षानुवर्षं लिहिलेलं मी बघितलंय आणि ते चाललेलंही बघितलंय.

पुढचा प्रश्न, युरोपियन म्हणजे काय. इथे लोकांना धक्के बसतात. भाषा, विषय, कथा कुठे घडते, याचा काहीही संबंध नाही. बनवणारे लेखक आणि काम करणारी माणसं मुख्यतः युरोपात राहणारी पाहिजेत, आणि निर्माता तिथला असला पाहिजे किंवा निर्मितीवर खराखुरा ताबा तिथल्या निर्मात्याचा पाहिजे, किंवा सहनिर्मिती असेल तर खर्चातला मोठा वाटा युरोपियन निर्मात्यांचा असून ताबा बाहेरच्यांकडे नको. आणि 'युरोप' म्हणजे फक्त ईयू नाही. कौन्सिल ऑफ युरोप, ही ईयूहून वेगळी आणि मोठी संघटना, तिचं १९८९ चंच एक कन्व्हेन्शन, म्हणजे करार, आहे, सीमापार टीव्हीबद्दलचं, त्यात सामील असलेल्या युरोपियन देशांच्या कलाकृतीही चालतात, अट एवढीच की त्या देशाने ईयूच्या कार्यक्रमांशी दुजाभाव करता कामा नये. तुर्कस्तान त्यात आहे. म्हणजे आपल्याकडे हिंदीत डब होऊन आलेल्या त्या तुर्की मालिका, दीड-दोन तासांचा एकेक एपिसोड असलेल्या, त्या युरोपियन कोट्यात मोजता येतात. आणि ब्रिटनही त्यात आहे, म्हणून ब्रेक्झिटनंतरही ब्रिटिश कार्यक्रम 'युरोपियन' राहिले. २०२१ मध्ये ब्रसेल्समध्ये यावर बरीच कुजबुज झाली की बाहेर पडलेल्या देशाला एवढा वाटा का मिळावा, आम्हा लोकांना तर घामच फुटला होता, कारण इंग्रजीत चालणाऱ्या चॅनल्सचा कोटा बराचसा ब्रिटिश मालावर उभा असतो. व्याख्या अजून तीच आहे.

आपला यात एक खरा संबंध आहे तो सांगते. ज्या बाहेरच्या देशाशी सदस्य देशाचा सहनिर्मिती करार आहे, त्या कराराखाली बनलेला सिनेमा, खर्चातला मोठा वाटा ईयूच्या निर्मात्यांचा असेल आणि ताबा बाहेर नसेल, तर युरोपियन धरला जातो. भारताचे फ्रान्सशी, जर्मनीशी, इटलीशी असे करार आहेत. म्हणजे कोल्हापुरात शूट झालेला मराठी सिनेमा कागदपत्रं नीट असतील तर युरोपियन कोट्यात बसू शकतो. मोठा वाटा तिकडचा हवा ही अट जड आहे, पण दार बंद नाही, आणि आपल्या निर्मात्यांनी हे माहीत करून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण खरेदी करणाऱ्या चॅनलसाठी त्या शिक्क्याला किंमत असते.

दुसरा संबंध उलट्या बाजूने. जे चॅनल पूर्णपणे सदस्य देशांच्या भाषा सोडून दुसऱ्या भाषेत चालतं त्याला हा कोटा लागूच नाही. हिंदी, मराठी, अरबी, सगळी त्यात आली. एका चॅनलसाठी काम करताना, नाव नको, मला यातला बारकावा पहिल्यांदा कळला. चॅनल हिंदीत, पण संध्याकाळी दोन तास इंग्रजी कुकिंग आणि गप्पांचे शो, लंडनमध्ये वाढलेल्या मुलांसाठी. नियम असा की परक्या भाषेचा भाग सोडून द्यायचा आणि उरलेल्या भागाला कोटा लावायचा. म्हणजे त्या दोन तासांचा स्वतंत्र हिशेब. आम्ही तो केलाच नव्हता, तीन वर्षं सरळ 'लागू नाही' असं लिहून दिलं होतं, रेग्युलेटरने विचारल्यावर जुने ट्रान्समिशन लॉग काढून रात्री जागून ते मोजलं. सुदैवाने ते शो लंडनमध्येच बनलेले होते.

आता मोजतं कोण. डिरेक्टिव्ह चॅनलला थेट काही सांगत नाही, तो सदस्य देशाला सांगतो. देश आपला कायदा करतो, त्याचा रेग्युलेटर चॅनलकडून आकडे घेतो, देश दर दोन वर्षांनी युरोपियन कमिशनला, म्हणजे ईयूच्या कार्यकारी मंडळाला, रिपोर्ट देतो. म्हणजे पहिला हिशेब चॅनल स्वतःच करतं. आमच्याकडे प्रत्येक टायटलला लायब्ररीत काही रकाने असतात, मूळ देश, निर्मितीचं वर्ष, निर्माता कंपनी, ती स्वतंत्र आहे की नाही, प्रकार. सिस्टीम मिनिटं जोडते. कटकट सहनिर्मितीत असते, ब्रिटिश कंपनीने बनवलेली सीरिज, पैसे अमेरिकन स्ट्रीमरचे, डायरेक्टर कॅनडाचा, शूटिंग बुडापेस्टला. ताबा कुणाचा? त्यासाठी निर्मात्याकडून लेखी डिक्लेरेशन मागायचं, ते सहा-सहा महिने येत नाही, डिस्ट्रिब्युटर म्हणतो आमच्याकडे नाही, आणि वर्ष संपताना अशी चाळीस टायटल्स 'अनिश्चित' म्हणून पडलेली असतात. तेव्हा कसोटी लागते, कंप्लायन्सवाल्याने ती शंका चॅनलच्या बाजूने धरायची की विरुद्ध. मी कागद नसेल तर युरोपियन धरत नाही, यावरून प्रोग्रामिंगवाल्यांशी माझी दरवर्षी वादावादी होते. पण रेग्युलेटर नमुना तपासणी करतो तेव्हा एखादा आठवडा उचलतो आणि प्रत्येक टायटलचा पुरावा मागतो, आणि त्यातली पाच खोटी निघाली की मग तो बाकीच्या एकावन्न आठवड्यांवर विश्वास का ठेवेल?

युरोपभरची सरासरी बघितली तर छान दिसते, कमिशनच्या रिपोर्टात २००९ आणि २०१० साली ती ६४ टक्क्यांच्या आसपास होती. पण सरासरीत सरकारी चॅनल्स असतात, त्यांचं जवळजवळ सगळंच स्वतःच्या देशातलं. आणि त्या ६४ मध्ये फ्रेंच चॅनलवर फ्रेंच, जर्मन चॅनलवर जर्मन हाच मोठा भाग. पोर्तुगीज सिनेमा पोलंडमध्ये दिसावा, लिथुआनियन सीरिज इटलीत दिसावी, हे त्या कायद्याचं स्वप्न होतं, ते कोट्याने फारसं झालं नाही, कारण कोटा फक्त 'युरोपियन' एवढंच विचारतो, 'शेजाऱ्याचं किती' हे विचारतच नाही. मला या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते.

आता रात्रीचे तीन. डिरेक्टिव्हमध्ये तासांबद्दल एक अक्षर नाही. पहाटे चारला दाखवलेलं मिनिट आणि रात्री नऊला दाखवलेलं मिनिट सारखंच. रिपीटही तितकंच मोजलं जातं. याचा परिणाम काय होतो ते मी आत बसून बघितलंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या चॅनलवर ऑक्टोबरमध्ये लक्षात आलं की आपण ४४ टक्क्यांवर आहोत. मीटिंग झाली, आणि एक जुनी युरोपियन पोलिस सीरिज कवडीमोलाने घेतली, नोव्हेंबर-डिसेंबर रात्री बारा ते सहा तीच, पुन्हा पुन्हा. ३१ डिसेंबरला आकडा ५१ च्या वर. रेग्युलेटरने रिटर्न स्वीकारलं, त्याच्याकडे न स्वीकारायला कायद्याचा आधारच नव्हता. त्या वर्षी त्या चॅनलने युरोपातल्या एकाही लेखकाला नवीन काम दिलं नाही. कायदा पाळला गेला आणि ज्याच्यासाठी कायदा होता त्याच्या हाताला काही लागलं नाही. मला ते तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

फ्रान्सने हे आधीच ओळखलं होतं, म्हणून तू ज्या देशात बसली आहेस तो या विषयाचा अभ्यास करायला सगळ्यात चांगला देश आहे. तिथे १७ जानेवारी १९९० चं डिक्री, म्हणजे सरकारी आदेश, आहे, त्यात ६० टक्के युरोपियन आणि ४० टक्के मूळ फ्रेंच भाषेतलं, आणि हे दोन वेळा पूर्ण करावं लागतं, एकदा पूर्ण दिवसाच्या हिशेबात आणि एकदा फक्त जास्त बघितल्या जाणाऱ्या तासांत. ते तासही कायद्यात लिहिलेत: सिनेमासाठी साडेआठ ते साडेदहा, बाकी कार्यक्रमांसाठी संध्याकाळी सहा ते अकरा, आणि बुधवारी दुपारी दोनपासूनच. बुधवार का, तर फ्रान्समध्ये लहान मुलांना परंपरेने बुधवारी शाळा नसायची, मुलं घरी, टीव्हीसमोर, तेव्हा जपानी आणि अमेरिकन कार्टूनच सगळी जागा घेऊ नयेत. मला ही ओळ फार आवडते, कारण ती लिहिणाऱ्याने घरातली मुलं कधी टीव्ही बघतात ते बघून लिहिली आहे. तर तुझ्या घरमालकीणबाई म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. शिकारीच्या डॉक्युमेंट्रीने संध्याकाळचा कोटा भरत नाही, तो खरोखर संध्याकाळीच भरावा लागतो. रात्रीच्या रिपीटने पूर्ण दिवसाचा आकडा मात्र वर येतो, म्हणून त्या तिथे होत्या.

फ्रान्सची दुसरी हुशारी व्याख्येत आहे. डिरेक्टिव्हमध्ये टॉक शो, स्टुडिओतला मनोरंजनाचा कार्यक्रम, हे सगळं मोजता येतं. फ्रेंच व्याख्येत 'कलाकृती' म्हणजे काय ते नकारातून सांगितलंय: बातम्या नाही, व्हरायटी शो नाही, गेम नाही, मुख्यतः स्टुडिओत बसून केलेला बिगर-कथात्म कार्यक्रम नाही. म्हणजे चार खुर्च्या आणि एक टेबल मांडून कोटा भरता येत नाही. यावर मोठी लढाई झाली २००१ साली, एम६ चॅनलने 'पॉपस्टार्स' आणलं, मुलींचा गाण्याचा ग्रुप निवडायचा शो. रेग्युलेटरने, तेव्हा त्याचं नाव सीएसए होतं, त्याला कलाकृती म्हणून मान्यता दिली, कारण त्यात त्या मुलींच्या प्रवासाचा डॉक्युमेंट्रीसारखा भाग आहे. खऱ्या डॉक्युमेंट्री बनवणाऱ्यांचा संताप झाला, प्रकरण थेट कॉन्सेय देताकडे, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाकडे गेलं, आणि २००३ मध्ये कोर्टाने रेग्युलेटरचं म्हणणं उचलून धरलं. मग कायदेमंडळाने २००७ मध्ये चॅनलने कलाकृतींत सक्तीने करायच्या गुंतवणुकीसाठी वेगळी, अरुंद यादी केली, कथामालिका, ॲनिमेशन, सर्जनशील डॉक्युमेंट्री, म्युझिक व्हिडिओ, रंगमंचावरच्या प्रयोगांचं चित्रीकरण. कोर्टात हरलेले लोक पुढे संसदेत ऐकले गेले, आणि प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घे, यावर मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

शिक्षा काय. बहुतेक देशांत पत्र येतं, कारण विचारतात, पुढच्या वर्षीचा प्लॅन मागतात, आणि बऱ्याचदा तिथेच थांबतं. फ्रान्समध्ये पायऱ्या आहेत, आधी 'मिझ आं दमर', म्हणजे औपचारिक नोटीस, ती सगळ्यांना दिसेल अशी छापली जाते. पुन्हा तेच झालं तर वेगळा रॅपोर्तर, म्हणजे चौकशी अधिकारी, तपास करतो आणि मग दंड, उलाढालीच्या ३ टक्क्यांपर्यंत, परत केलं तर ५ टक्क्यांपर्यंत, लायसन्सची मुदत कमी करणं, किंवा चॅनलवरच रेग्युलेटरचं निवेदन वाचून दाखवायला लावणं. आता तू विचारशील की दंड किती वेळा होतो, पण आमच्या धंद्यात खरी भीती त्या नोटिशीची असते. कारण लायसन्स नूतनीकरणाच्या वेळी ती फाइल उघडली जाते. चॅनलच्या मालकाला तीन टक्के दंडाची रक्कम सहन होते, पण फ्रीक्वेन्सी जाईल हे नाही. म्हणून मी नेहमी म्हणते की कोट्याची ताकद बघायची असेल तर दंडाचा तक्ता बघू नको, लायसन्स किती वर्षांचं आहे आणि नूतनीकरणाला काय विचारतात ते बघ. ज्या देशात सॅटेलाइट चॅनलला लायसन्स मागेल त्याला मिळतं तिथे हा धाक उरतच नाही.

आणि मग येतं सगळ्यात मोठं भोक, मूळ देशाचं तत्त्व. चॅनल ज्या देशात स्थापित आहे त्याच देशाचे नियम, बाकीच्यांनी ते अडवायचं नाही. नव्वदच्या दशकात टर्नर या अमेरिकन कंपनीचं टीएनटी आणि कार्टून नेटवर्क लंडनहून यायचं, दिवसा कार्टून, रात्री जुने हॉलिवूड सिनेमे, त्यात युरोपियन काय असणार. बेल्जियममध्ये केबलवर ते दाखवलं म्हणून केबल कंपनीच्या अधिकाऱ्यावर खटला भरला. २९ मे १९९७ ला युरोपच्या कोर्टाने सांगितलं की चॅनल कोटा पाळत नसलं तरी ते बघणं ब्रिटनचं काम, बेल्जियमने आडवं यायचं नाही. तक्रार असेल तर ब्रिटनविरुद्ध वेगळी कारवाई करा. यानंतर ज्याला मोकळीक हवी तो सैल देशात ऑफिस उघडायला मोकळा झाला. मी स्वतः त्या व्यवस्थेचा भाग आहे, आमची लायसन्स कुठे ठेवायची याच्या चर्चेत मी बसलेली आहे, आणि कोणत्या देशाचा रेग्युलेटर किती प्रश्न विचारतो हा त्या चर्चेतला एक मुद्दा असतोच.

कलम १७ बद्दल थोडं, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि माझ्या मते जास्त भलं त्याने केलं. त्याच मोजलेल्या वेळेतले किंवा कार्यक्रमांच्या बजेटमधले किमान १० टक्के, चॅनलपासून स्वतंत्र असलेल्या युरोपियन निर्मात्यांना द्यायचे, आणि त्यात पाच वर्षांच्या आत बनलेल्या नव्या कामांना पुरेसा वाटा हवा. इथे जुन्या पोलिस सीरिजची युक्ती पूर्ण चालत नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने मोठ्या चॅनल्सना हे प्रमाण २५ टक्के केलं आणि त्यातून छोट्या निर्मिती कंपन्यांची एक पूर्ण पिढी उभी राहिली. कटकट हीच की 'स्वतंत्र' कोण ते देशांनी ठरवायचं. निर्मिती कंपनीत चॅनलचे शेअर किती, ती एकाच चॅनलला किती माल पुरवते, नंतरचे हक्क कुणाकडे राहतात. मार्चमध्ये स्वतंत्र असलेली कंपनी जूनमध्ये एखाद्या चॅनल ग्रुपने विकत घेतली की आमच्या लायब्ररीतला रकाना बदलतो.

स्ट्रीमिंगचं थोडक्यात. डिरेक्टिव्हच्या २०१८ च्या दुरुस्तीने नेटफ्लिक्ससारख्यांवर कॅटलॉगमध्ये ३० टक्के युरोपियन आणि ते ठळक दिसेल असं ठेवणं बंधनकारक केलं. कमिशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मिनिटं नाही, टायटल्स मोजायची, सीरिजचा एक सीझन म्हणजे एक टायटल. म्हणजे नव्वद मिनिटांचा जुना स्वस्त सिनेमा आणि दहा एपिसोडचा महागडा सीझन, दोन्ही एकेक. पुढे काय होतं ते तू ओळखलं असशील, स्वस्त जुन्या सिनेमांची खरेदी. 'ठळक' किती ते मोजणं तर त्याहून अवघड, होम पेजवरची रांग प्रत्येकाला वेगळी दिसते. म्हणून आता देश वेळ आणि टायटल सोडून थेट पैशाकडे वळलेत, आणि दुरुस्तीतच अशी सोय आहे की दुसऱ्या देशात बसून आपल्या प्रेक्षकांना विकणाऱ्याकडूनही वाटा मागता येतो, म्हणजे ते बेल्जियमचं भोक थोडं बुजवलं. फ्रान्सने २०२१ पासून मोठ्या स्ट्रीमर्सना फ्रान्समधल्या उलाढालीच्या किमान २० टक्के गुंतवणूक लावली, नेदरलँड्सने २०२४ पासून ५ टक्के. स्वित्झर्लंड ईयूत नाही, तरी तिथे १५ मे २०२२ ला लोकांनी मतदान करून ५८ टक्क्यांनी ४ टक्के गुंतवणुकीचा कायदा मंजूर केला, मला ते वाचून खरंच भरून आलं होतं, सामान्य माणसं आपल्या सिनेमासाठी रविवारी मत टाकायला गेली.

मराठीचं. २०१५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये, संध्याकाळी सहा ते नऊ, मराठी सिनेमा दाखवावाच लागेल. गदारोळ झाला, मल्टिप्लेक्सवाल्यांशी बैठक झाली आणि दोन दिवसांत ते दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. माझं बाकी सगळं विसरलीस तरी हे दोन दिवस आठव. शो तेवढाच राहिला, पण सहाचा शो आणि दुपारी बाराचा शो कायद्याच्या नजरेत सारखे झाले, आणि ऑफिसला जाणारा माणूस बाराला सिनेमा बघत नाही. फ्रेंच डिक्रीतली ती बुधवारची ओळ आणि हा बदल शेजारी ठेवून बघ. रेडिओतही फ्रेंचांनी असंच केलंय, १९९६ पासून ४० टक्के फ्रेंच गाण्यांचा कोटा आहे, स्टेशनं तीच दहा गाणी वाजवून तो भरायला लागली, तर २०१६ च्या कायद्याने लिहिलं की सगळ्यात जास्त वाजणाऱ्या दहा फ्रेंच गाण्यांचा वाटा फ्रेंच गाण्यांच्या निम्म्याहून जास्त झाला तर वरचं मोजलंच जाणार नाही.

मराठी चॅनलवर मराठी मालिका आहेतच, तिथे कोट्याची गरज मला दिसत नाही. गरज असलीच तर ती ओटीटीच्या गुंतवणुकीत आणि छोट्या निर्मात्यांच्या वाट्यात आहे. असा मसुदा कधी माझ्यासमोर आला तर मी आधी 'स्वतंत्र निर्माता' या व्याख्येचं पान उघडेन, मग नवं काम म्हणजे किती वर्षांच्या आतलं ते, मग पुरावा कुणी द्यायचा ते, आणि टक्क्याचं कलम सगळ्यात शेवटी वाचेन.

प्रबंधासाठी सुरुवात आर्कोमपासून कर, सीएसएचं २०२२ पासूनचं नाव, ते लोक चॅनलनिहाय कोट्याचे हिशेब छापतात. एक चॅनल निवड, पूर्ण दिवसाचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा दोन रकान्यांत दहा वर्षांचे मांड. मधे कुठे फरक मोठा दिसला तर त्या वर्षाचं रात्रीचं शेड्यूल शोध, आणि काही अडलं तर विचार.